‘बाबा’ म्हणायला जिभेचं टोक लागत नाही

लेकरू दोन-अडीच वर्षांचं होतं, तरी बोलत नाही. एक दिवस ते तोंड वासून रडत असताना आजीला जिभेखाली ताणलेला पडदा दिसतो आणि निदान घरच्या घरी होऊन जातं. "याची जीभ चिकटेल हाये, म्हनून बोलत नाई. कापून आना." शेजारीण दुजोरा देते. तिच्या भाच्याचं म्हणे असंच होतं, कापलं आणि तो धडाधडा बोलायला लागला. मग अंजनगावहून किंवा मूर्तिजापूरहून आईबाप अमरावती-अकोल्याला येतात आणि डॉक्टरांसमोर बसून दुखणं सांगायच्या ऐवजी उपायच सांगतात: एवढी जीभ कापून द्या.

हे लिहितोय ते अशा आईबापांसाठी आणि त्या आजीसाठीही, कारण वऱ्हाडातल्या पुष्कळ घरांत लेकराबद्दलचा शेवटचा शब्द तिचा असतो. माझं म्हणणं एवढंच आहे की पडदा कसा दिसतो यावरून काही ठरवू नका, जीभ काय काम करते ते बघा. तान्हं बाळ असेल तर दूध बघा. मूल बोलत असेल पण अस्पष्ट बोलत असेल तर उच्चार बघा. आणि मूल बोलतच नसेल तर जिभेकडे वळण्याआधी त्याचे कान तपासून घ्या.

आधी त्या पडद्याची भीती घालवू. आरशासमोर उभं राहून जीभ टाळूकडे उचला, तुमच्याही जिभेखाली मधोमध एक पातळ घडी दिसेल. ती प्रत्येक माणसाला असते. गर्भात जीभ तोंडाच्या तळापासून सुटी होत जाते आणि मागे ही घडी राहते. काहींची घडी आखूड, जाड किंवा पार टोकापर्यंत आलेली असते. जीभ उचलली की टोक मधोमध खेचलं जातं आणि तिथे खाच पडते. यालाच डॉक्टर ‘टंग टाय’ म्हणतात. शंभर नवजात बाळांत ती चार ते दहा जणांत आढळते असं साधारण मानलं जातं, मुलींपेक्षा मुलांत जास्त. आकडा असा सैल आहे, कारण कुणाला टंग टाय म्हणायचं यावर जगभरच्या डॉक्टरांचंच एकमत नाही. पण यातल्या पुष्कळ मुलांना त्या घडीचा आयुष्यभर काही त्रास होत नाही. तुमच्या गल्लीतही अशी माणसं असतील, दिवसभर तंबाखू मळत गप्पा हाणणारी. त्यांची जीभ कुणी उचलून पाहिलेली नाही, एवढंच.

आता बोलण्याकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. एक प्रयोग स्वतःवर करून बघा. जिभेचं टोक खालच्या दातांमागे दाबून ठेवा, हलू देऊ नका, आणि म्हणा: बाबा. मामा. पापा. आई. काका. काकू. सगळे शब्द येतात. ‘बाबा’ आणि ‘मामा’ हे ओठांचे शब्द. ‘काका’ जिभेच्या मागच्या भागातून निघतो. ‘आई’ तर नुसते स्वर. लेकरांची पहिली भाषाही बघा कशी आहे: मम्मं, भूभू, हम्मा, माऊ, काऊ, गाई-गाई. जिभेचं टोक यात कुठेच लागत नाही. आता तसंच टोक दाबून ठेवून ‘दादा’, ‘ताई’, ‘नाना’, ‘पाणी’, ‘लाल’, ‘रोटी’ म्हणायचा प्रयत्न करा. तिथे अडतं.

यातून घरबसल्या बरंच कळतं. ज्याची जीभ खरोखर बांधलेली आहे ते लेकरू वेळेवर बोलायला लागतं. बाबा म्हणतं, मामा म्हणतं, माऊ दाखवतं, हट्ट करतं, भांडतं. फार तर त्याचा ‘र’, ‘ल’ किंवा ‘ट’ नीट उमटत नाही. शब्द असतात, स्पष्ट नसतात. पण ज्या लेकराकडे दोन वर्षांचं झालं तरी ‘बाबा’ही नाही आणि ‘मम्मं’ही नाही, त्याचं कारण जिभेखालच्या घडीत नाही. तिथे कात्री लावून शब्द बाहेर येणार नाहीत, कारण ते तिथे अडकलेलेच नाहीत. मग शेजारणीचा भाचा कापल्यावर बोलला तो कसा? पुष्कळ मुलं अडीच-तीन वर्षांच्या आसपास आपोआप बोलायला लागतात. त्याच सुमारास कापलं असेल तर श्रेय कात्रीला जातं. त्याच वयात नवस बोलला असता तर देवाला गेलं असतं, वेखंड उगाळून चाटवलं असतं तर वेखंडाला.

वर्षाच्या आत बाळाने ‘बाबाबाबा’, ‘ममममा’ असे सूर लावायला हवेत. सोळा महिन्यांपर्यंत अर्थ असलेला एक तरी शब्द यावा आणि दोन वर्षांपर्यंत ‘मम्मं दे’, ‘बाबा ये’ अशी दोन शब्दांची जोडी. हे झालं नाही तर "त्याचा बापही पाच वर्षांनी बोलला होता" या आधारावर बसून राहू नका. बाप बोलला हे खरं असेल. पण त्या काळी न बोलणाऱ्या सगळ्याच मुलांचं पुढे काय झालं याचा हिशेब घरात कुणी ठेवत नाही. जी बोलली तेवढीच आठवणीत राहतात.

न बोलण्याचं पहिलं कारण शोधायचं ते कानात. "ऐकतो ना तो, ताट पडलं की दचकतो," असं आई सांगते. ताट पडल्याचा आवाज मोठा असतो आणि फरशीचा हादराही जाणवतो. थोडं ऐकू येणारं मूल हाक ऐकतं, पण शब्दांतले बारीक भेद त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. त्याला ‘काऊ’ आणि ‘माऊ’ यातला फरकच ऐकू येत नसेल, तर ते बोलणार कसं? सतत सर्दी होऊन कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं असेल तरी असं होतं. कमी वजनाचं जन्मलेलं, काचेच्या पेटीत राहिलेलं, कावीळ जास्त वाढलेलं, मेंदूज्वर झालेलं बाळ असेल, तर कान तपासणं टाळूच नये. जिथे मामाच्या मुलीशी लग्न झालंय अशा घरातही नाही, कारण जन्मजात बहिरेपणाचे काही प्रकार आईबाप दोघांकडून येतात आणि नात्यातल्या लग्नात ते एकत्र यायची शक्यता वाढते.

तपासणी दोन प्रकारची असते. ओएई ही झटपट होणारी चाचणी, कानात छोटी नळी ठेवून करतात. बेरा ही जास्त खात्रीची. तिच्यासाठी लेकरू झोपलेलं लागतं, म्हणून त्या दिवशी प्रवासात त्याला जागं ठेवा, म्हणजे तिथे पोचल्यावर ते झोपेल. हे आधी कुणी सांगत नाही आणि धारणीहून घाट उतरून परतवाड्यामार्गे आलेली आई लेकरू झोपलं नाही म्हणून तशीच परत जाते. खरं तर कानाची पहिली तपासणी महिन्याच्या आत, दोषाचं निदान तीन महिन्यांत आणि उपचार सहा महिन्यांत सुरू व्हावा असा जगभराचा दंडक आहे. मेंदूत भाषा घडण्याची सगळ्यात महत्त्वाची वर्षं पहिली तीन. ती वर्षं जिभेच्या मागे लागून घालवली, तर पुढे श्रवणयंत्र लावलं किंवा कॉक्लिअर इम्प्लांट केलं तरी हातून निसटलेलं सगळं परत येत नाही. जीभ कापण्यात तोटा काय, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर हेच आहे. रक्त दोन थेंबच जातं, पण घरात सगळ्यांना वाटतं की इलाज झाला, आणि वर्ष जातं.

कान चांगले निघाले तर पुढे बघायचं. नाव घेतल्यावर वळून पाहतं का? बोटाने दाखवतं का? डोळ्याला डोळा देतं का? सांगितलेलं समजतं का? दिवसाचे किती तास मोबाइलसमोर जातात? हे प्रश्न बालरोगतज्ज्ञ विचारतीलच. उत्तरं देताना लाजू नका आणि लेकराची बाजू घेऊन खोटंही सांगू नका.

यासाठी खासगी दवाखान्यातूनच सुरुवात करायला हवी असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघरला झाली. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतात. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत ज्या ३० गोष्टींसाठी ती मुलं तपासतात, त्यांत जन्मजात बहिरेपणा आहे, दुभंगलेले ओठ आणि टाळू आहेत, उशिरा बोलणंही आहे. जिभेचा पडदा त्या यादीत नाही. ज्यांनी यादी केली त्यांना काय महत्त्वाचं वाटलं ते यावरून समजा. पथकातल्या डॉक्टरांना सांगा, "बोलत नाही, कान तपासायचे आहेत," आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या उपचार केंद्राची चिठ्ठी मागून घ्या. अंगणवाडीच्या ताईंना पथकाची तारीख माहीत असते.

इथे शाळेतल्या मॅडमशीही दोन शब्द बोलायचे आहेत. पाच-सहा वर्षांचं पोरगं ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणतं, ‘आभाळ’ला ‘आभाय’, ‘गूळ’ला ‘गूय’, ‘पाणी’ला ‘पानी’. बाहेरून बदली होऊन आलेल्या शिक्षिका वहीत शेरा मारतात: उच्चार अस्पष्ट, डॉक्टरांना दाखवावे. मॅडम, तो अस्पष्ट बोलत नाही, तो वऱ्हाडी बोलतोय. त्याचा बाप, आजा आणि समोरचा पानठेलेवालाही तसंच बोलतो. ‘ळ’चा ‘य’ आणि ‘ण’चा ‘न’ होणं ही इथल्या बोलीची चाल आहे, तिचा जिभेखालच्या घडीशी काही संबंध नाही. पारख सोपी आहे. तेच पोरगं ‘टमाटर’, ‘डबा’, ‘लाडू’ नीट म्हणतं का ते ऐका. म्हणत असेल तर जिभेचं टोक वर जातंय, वळतंय, सगळं ठीक आहे. शहरातल्या इंग्रजी शाळेत मुलाला घातल्यावर त्याची बोली सुधारण्यासाठी जीभ दाखवायला नेणारे आईबापही असतात. बोलीवर शस्त्रक्रिया नसते आणि ती असूही नये. ‘र’बद्दलही धीर धरा. तो सगळ्यात उशिरा येणाऱ्या वर्णांपैकी आहे, पाच-सहा वर्षांपर्यंतही नीट बसत नाही. चार वर्षांचं लेकरू ‘राम’ला ‘लाम’ म्हणत असेल तर त्याची गंमत घ्या, दवाखाना नको.

तान्ह्या बाळाची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि तिथे वेळ थोडा असतो. पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी आलेली असते. बाळ तासतासभर छातीला असतं तरी रडतंच. निप्पलला चिरा पडतात, पाजताना डोळ्यांतून पाणी येतं. कुणी म्हणतं दूध कमी आहे, वरचं सुरू करा. कुणी म्हणतं जीभ बांधलेली आहे. दोघांचंही लगेच ऐकू नका. पहिल्यांदा पकड बघा. बाळाचं तोंड मोठं उघडलंय का, नुसतं निप्पल नाही तर त्याभोवतीचा काळा भागही, विशेषतः खालचा, तोंडात गेलाय का, हनुवटी छातीला टेकलीये का, खालचा ओठ बाहेर वळलाय का. बाळ नुसतं टोक चोखत असेल तर निप्पल चपटं, तिरकं होऊन बाहेर येतं आणि आई कळवळते. पुष्कळ वेळा बाळाला धरायची पद्धत बदलली की दोन दिवसांत हे थांबतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात डॉ. रूपल दलाल यांच्या मार्गदर्शनाखाली या पकडीवर मराठीतही चित्रफिती झाल्या आहेत. मोबाइल हातात असतोच, तर बाळंतिणीला त्या दाखवा. अमरावतीच्या डफरीनमध्ये किंवा अकोल्याच्या लेडी हार्डिंगमध्ये बाळंतपण झालं असेल, तर सुट्टी घेण्याआधी वॉर्डातल्या सिस्टरला शेजारी बसवून एकदा पाजून दाखवा. गर्दी असते, त्या वैतागतात, तरी सोडू नका.

दूध पुरतंय की नाही हे वजन सांगतं. बाळाच्या रडण्यावरून आणि पाहुण्यांच्या मतावरून ते कळत नाही. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, जन्माच्या वजनाच्या सात-आठ टक्के उतरलं तरी घाबरायचं नाही. दहा टक्क्यांच्या पुढे गेलं तर दाखवायचं. साधारण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत यावं आणि मग रोज वीस ते तीस ग्रॅम वाढावं. पाचव्या दिवसानंतर दिवसभरात सहा-सात वेळा लघवी व्हावी. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते आणि तिच्याजवळ वजनकाटा असतो. ती दारातूनच परत जाणार नाही एवढं बघा. मध आणि घुटी चाटवून बाळाची भूक मारू नका, आणि वर्षाच्या आत मध तर मुळीच नको, त्यातून जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते.

हे सगळं करून बघितलं, चार-पाच दिवस मदत घेतली, तरी पकड बसत नाही, वजन मागे पडतंय, आईच्या चिरा भरत नाहीत आणि बाळाची जीभ खालच्या हिरडीच्या पुढेही येत नाही. मग मात्र कापा, आणि उशीर लावू नका. इथे उलटी चूकही होते. "एवढ्याशा जिवाची जीभ कापायची?" म्हणून आजी आडवी येते, महिना जातो, आईचा पान्हा आटतो आणि बाळ बाटलीवर जातं. पहिल्या काही आठवड्यांत हे काम अगदी छोटं असतं. बाळाला भूल लागत नाही, बोथट टोकाच्या कात्रीने क्षणात होतं, थेंबभर रक्त येतं आणि लगेच बाळाला छातीला लावतात. जिथे खरी गरज आहे तिथे आईचं दुखणं बऱ्याचदा लवकर कमी होतं. २०१७ साली कॉक्रेन या संस्थेने या विषयावरच्या पाच चाचण्या एकत्र तपासल्या, त्यांत ३०२ बाळं होती. निष्कर्ष असा की आईची वेदना थोड्या काळापुरती कमी होते, पण बाळाचं दूध पिणं सुधारतंच असं या चाचण्यांतून ठामपणे दिसत नाही.

खरं सांगायचं तर या इलाजाची जगात एक लाटच आली आहे. अमेरिकेत रुग्णालयांत टंग टायची निदानं १९९७ साली चार हजारांच्या आत होती, २०१२ साली ती बत्तीस हजारांच्या वर गेली. पंधरा वर्षांत बाळांच्या जिभा बदलल्या नव्हत्या. बॉस्टनच्या एका रुग्णालयात जीभ कापण्यासाठी पाठवलेल्या ११५ बाळांचं दूध पिणं आधी तज्ज्ञांच्या चमूने नीट बघितलं आणि आईला मदत केली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार त्यातल्या जवळजवळ ६३ टक्के बाळांना पुढे कात्री लागलीच नाही. ब्रिटनमध्ये कापणं बरं की नुसती मदत, याची रीतसर चाचणी करू गेले तर ती अर्ध्यावर बंद करावी लागली. एक कारण असं की ज्या बाळांना न कापता नुसती मदत द्यायची ठरलं होतं, त्यातल्या जवळपास तीन-चतुर्थांश बाळांच्या आईबापांनी मध्येच कापून घेतलं. रात्रभर रडणारं लेकरू मांडीवर असलं की थांबवत नाही, हे तिथेही आणि इथेही तेवढंच खरं. २०२४ मध्ये अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने सांगितलं की आधी स्तनपानाची मदत द्या, दुखण्याची इतर कारणं शोधा आणि मग कात्रीचा विचार करा.

लाट आता आपल्याकडेही पोचते आहे, मोबाइलमधून आणि लेझरच्या पाट्यांवरून. ‘मागची टाय’ म्हणजे डोळ्यांना न दिसणारी, ‘ओठाची टाय’, ‘गालाची टाय’ असे नवे शब्द कानावर येतील. ओठाखालची घडी जवळपास प्रत्येक बाळाला असते. समोरच्या दातांत फट दिसते म्हणून ती कापायची घाई नको, पक्के सुळे आल्यावर ही फट बहुतेक वेळा आपोआप मिटते. लेझर कात्रीपेक्षा चांगलं, याला पुरावा नाही. ते महाग मात्र असतं.

मेळघाटात बाळाचं पोट फुगलं की तापलेल्या विळ्याने चटके द्यायचे, त्याला डंबा म्हणतात. २०२५ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या एका तान्ह्या बाळाची अशी बातमी राज्यभर गाजली, तेव्हा आपण सगळे शहरातून हळहळलो आणि थोडे हसलोही. अघोरी प्रकार आहे, तो थांबलाच पाहिजे. पण एसीत बसून, पैसे मोजून, गरज नसताना लेकराच्या तोंडात लेझर फिरवून घेणाऱ्याने त्या आईबापांना नावं ठेवताना जरा दम खावा. दोघांनीही एकच प्रश्न विचारलेला नसतो: लागतं का हे?

आणि घरी तर कुणीच काही कापू नये. सुईण नखाने पडदा फाडत असे, अशा गोष्टी जुन्या युरोपातल्याही आहेत. आपल्याकडे हठयोगात खेचरी मुद्रेसाठी जिभेखालची घडी केसभर-केसभर कापत जायचं वर्णन येतं. तो योग्यांचा मार्ग, त्यांनी बघावा. जिभेखाली लाळेच्या नळ्यांची तोंडं आहेत, शिरा आहेत, चव आणि स्पर्श नेणाऱ्या नसा अगदी वरवर आहेत. नखाने किंवा ब्लेडने तिथे काय तुटेल याचा भरवसा नाही. बाळंतपण घरी झालं असेल तर जन्मल्यावर मांडीत द्यायचं व्हिटॅमिन के चं इंजेक्शनही राहिलेलं असतं. त्या बाळाचं रक्त थांबलं नाही तर जवळच्या दवाखान्यात पोचेपर्यंत फार उशीर होईल.

मोठ्या मुलाचा निर्णय निवांत घ्यायचा असतो. चार-पाच वर्षांचं मूल भरपूर बोलतं, ऐकतं छान, पण ‘ट’, ‘ल’, ‘र’ असे जीभ उचलून काढायचे वर्ण सगळे बिघडलेले आहेत. जीभ बाहेर काढली की टोकाला खाच पडते. ओठाला लागलेली कुल्फी चाटता येत नाही, दाढेत अडकलेला भात जिभेने काढता येत नाही. अशा मुलाला आधी स्पीच थेरपिस्टकडे न्या आणि काही महिने सराव करून बघा. थेरपिस्टनेच सांगितलं की जीभ पोचतच नाही म्हणून वर्ण निघत नाही, तर शस्त्रक्रिया करून घ्या, भिऊ नका. या वयात बहुधा पूर्ण भूल द्यावी लागते आणि टाके पडतात, म्हणून ती नीट सोय असलेल्या ठिकाणीच व्हावी.

सही करण्याआधी डॉक्टरांना विचारायला लाजू नका. कशासाठी कापताय, दुधासाठी, उच्चारासाठी की नुसता पडदा दिसतो म्हणून? नाही कापलं तर काय होईल? तीन महिन्यांनी परत दाखवलं तर चालेल का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. तुमच्याकडूनही काही सांगायचं असतं. व्हिटॅमिन के दिलं होतं की नाही, जखम झाली की लवकर रक्त थांबत नाही असं घरात कुणाला आहे का, विशेषतः आईच्या बाजूला, मामांपैकी. बाळाची हनुवटी फार मागे, जबडा फार लहान असेल तर ते त्यांच्या नजरेस आणून द्या. अशा बाळाची जीभ सुटी केली तर ती मागे पडून श्वास अडू शकतो.

मोठ्या मुलाबाबत आणखी एक विचारा: कापल्यानंतर उच्चारांचा सराव कोण घेणार? इतकी वर्षं जीभ ज्या सवयीने चालली ती टाके सुटल्यावर लगेच बदलत नाही, महिनोन्महिने सराव लागतो. दर आठवड्याला अमरावती-अकोल्याला येणं जमणार नसेल तर थेरपिस्टना पहिल्याच भेटीत तसं सांगा. मग ते घरी करायचा सराव लिहून देतात. तो कागद अंगणवाडीच्या ताईंना किंवा वर्गशिक्षकांनाही दाखवा, कारण शेतीच्या हंगामात सकाळी त्याच्यासोबत बसायला घरात कुणाला वेळ असेल असं नाही.